कामठ्याचा बांबू कोणाचा?



होळी पंधरा दिवसांवर आली. भोंगऱ्याचे बाजार भरायला लागतील. डोंगरातल्या घराघरांतून ढोल बाहेर निघतील, घुंगरू निघतील, आणि आढ्याला खोचून ठेवलेला तीरकामठाही निघेल. पण यंदा पुष्कळ पाड्यांवरून आमच्या कानावर एकच गोष्ट येते आहे. कामठा आहे, पण तो आज्याच्या वेळचा आहे. तो मोडला तर दुसरा करायला धड बांबू मिळत नाही. जिथे बांबू आहे तिथे जाऊ देत नाहीत, आणि जाऊ देतात तिथे कामठ्यालायक बांबू उरलेला नाही.

कोणी म्हणेल, नेवाडांच्या जमिनीचा प्रश्न पडला आहे, धरणाचा प्रश्न पडला आहे, रोजगार हमीची मजुरी अडकली आहे, आणि तुम्ही पहिल्या पानावर कामठ्याचं काय घेऊन बसलात? म्हणून आधीच सांगतो. हा अग्रलेख एका बांबूवर आहे. पण त्या एका बांबूमागे सगळं जंगल आहे, आणि ते कोणाचं हा प्रश्न आहे. आणि त्याचा निकाल लागायला यंदाचंच वर्ष आहे. ते कसं, ते पुढे येईल.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या भागातल्या एका नाक्यावर दोन पोरांना अडवलं. त्यांच्याकडे काय सापडलं? एक बांबू. सबंधही नाही, उभी चिरलेली एक फाक. कामठ्यासाठी नेत होते. कोयता ठेवून घेतला, पैसे घेतले, पावती दिली नाही, आणि वर कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. त्याच आठवड्यात त्याच रस्त्याने बांबूने भरलेले ट्रक खाली गेले. त्यांना कोणी हात केला नाही, कारण त्यांच्याकडे पास होता. एकलव्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तेव्हा गुरूने अंगठा कापून मागितला. आता अंगठा कापत नाहीत, शाई लावून कागदावर मागतात. कामठा हातातून जायचा तो दोन्ही वेळा गेलाच.

जंगलखात्याचं म्हणणं असतं की आदिवासी जंगल तोडतो, त्याला काय तोडावं आणि काय ठेवावं हे कळत नाही. तर मग कामठ्याचा बांबू शोधतात कसा, ते आज लिहूनच ठेवू. जाणत्या माणसांना हे नवीन नाही. पण आपल्या तरुण पोरांना यातलं निम्मंही ठाऊक नाही, असं गेल्या वर्षभर पाड्यांवर फिरताना आम्हाला दिसलं. आश्रमशाळेत हे शिकवत नाहीत. म्हणून सविस्तर लिहितो.

जंगलात बांबू पुष्कळ असतो, कामठ्याचा बांबू थोडा असतो.

पहिली गोष्ट जात. जाड, उंच, काटेरी आणि आतून पोकळ तो कटांग. कोणी त्याला काटस म्हणतात. तो घराला आणि मांडवाला चांगला. कामठ्याला लागतो तो बारीक, भरीव बांबू. जंगलखात्याच्या कागदात त्याला मानवेल म्हणतात.

दुसरी गोष्ट जागा. मानवेलीतही सगळी सारखी नसते. ओढ्याच्या काठची, काळ्या मातीतली मानवेल उंच जाते, पेरं लांब पडतात, पण पोटात पोकळी राहते. तिची सुपं, टोपल्या, कुडाच्या कामट्या कराव्यात. चढावरची, मुरमाड आणि दगडाळ जागेतली मानवेल उंचीला कमी असते, पण तिची भिंत जाड असते. बुडाकडे तर ती जवळजवळ लाकडासारखी भरीव असते. पाणी कमी मिळालं म्हणून हळू वाढली आणि हळू वाढली म्हणून चिवट झाली. डोंगरातल्या माणसासारखीच म्हणा.

तिसरी गोष्ट वय. बांबूचा कोंब पावसात येतो आणि त्याच पावसाळ्यात आपली सगळी उंची गाठतो. त्यानंतर तो उंच होत नाही, जाडही होत नाही, फक्त पक्का होत जातो. पहिल्या वर्षाचा बांबू हिरवागार असतो, पेरांवर टरफलं चिकटलेली असतात, अंगावर पांढरी भुकटी असते. तो वाकतो, पण वाकला की तसाच राहतो. असा कामठा दोन महिन्यांत ढिला पडतो. तीन-चार वर्षांच्या बांबूची टरफलं गळलेली असतात, रंग मळकट होतो, बुडावर पांढुरके डाग येतात. कोयत्याच्या पाठीने ठोकला तर टणक वाजतो. हाच घ्यायचा. फार म्हातारा झालेला बांबू पिवळा पडतो. तो दिसायला चांगला, पण ताणला की तडकतो.

चौथी गोष्ट बेटातली जागा. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगाने येतात. जुने, पक्के बांबू मध्ये असतात. म्हणजे कामठ्याचा बांबू बेटाच्या पोटात असतो. तो काढायला हात खरचटतात, अर्धा दिवस जातो. पण बाहेरच्या पोरांना धक्का न लावता आतला पिकलेला काढला की बेटात उजेड जातो, हवा जाते आणि पुढच्या पावसात कोंब जास्त येतात.

पाचवी गोष्ट वेळ. पावसाळ्यात बांबू तोडायचा नाही. एक तर पायाखाली कोंब मोडतात. दुसरं म्हणजे तेव्हा बांबूच्या अंगात रस भरलेला असतो, त्याला कीड लागते आणि आतून पीठ पडतं. थंडीत रस उतरतो, तेव्हा तोडायचा. म्हातारी माणसं अंधाऱ्या पखातच तोडतात. तोडताना जमिनीपासून वीतभर वर आणि गाठीच्या लगेच वर घाव घालायचा. गाठीच्या फार वर तोडला तर राहिलेल्या नळीत पाणी साचतं आणि बूड सडतं.

मग घरी आणल्यावर तो उभा चिरायचा. करवत लावायची नाही, कारण करवत धागा तोडते आणि चीर धाग्याच्या वाटेने जाते. बुडाकडची जाड फाक घ्यायची. वरच्या हिरव्या सालीच्या बाजूला कोयता लावायचा नाही. कामठ्याची सगळी ताकद त्या सालीत असते. ती पाठ बाहेरच्या अंगाला ठेवायची आणि पोटाकडूनच तासायचं, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना बारीक. नंतर चुलीच्या वर धुरात ठेवायचा. घाई केली तर हिरवाच ताणला जातो आणि तसाच वाकून राहतो. धुराने सुकतो आणि कीडही लागत नाही. कुठे वाकडा असला तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा. दोरीही बांबूचीच, सालीची लांब चोय काढून केलेली. म्हणजे कामठा आणि दोरी दोन्ही एकाच झाडाची. दुकानातून काही आणावं लागत नाही. तीराचं लोखंडी पातं तेवढं लोहाराकडचं.

जिथे बांबू नाही तिथे धामण. धामणीचं लाकूड वाकतं, मोडत नाही. म्हणून कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी यांनाही आपण धामणच शोधतो. संस्कृतातही या झाडाच्या नावात धनुष्य आहे असं शिकलेले लोक सांगतात. म्हणजे हे ज्ञान आजचं नाही. कामठ्याला धामणीचं मोठं झाड पाडायचं नसतं. एकदा तोडलेल्या बुंध्यातून जे सरळ फुटवे येतात, त्यातला मनगटाएवढा, फांदी नसलेला, पिळ नसलेला एक घ्यायचा. बाकीचे वाढू द्यायचे. झाड जिवंत राहतं, गुरांना पाला मिळतो, पाखरांना आणि पोरांना फळं मिळतात.

पण धामण तरी कुठे राहिली आहे? सरकारच्या हिशेबात साग म्हणजे लाकूड, आणि बाकी सगळं इंजायली. महाराष्ट्रात वनविकास महामंडळ १९७४ साली झालं. मिश्र जंगल साफ करायचं आणि त्या जागी सागाच्या ओळी लावायच्या, हा त्याचा मोठा कार्यक्रम. त्या साफसफाईत धामण गेली, मोह गेला, चारोळी गेली, टेंभुर्णी गेली. सागाच्या ओळीत उभं राहून कामठा शोधून दाखवा. गुराला तोंड लावायला पाला नाही, माणसाला खायला फळ नाही, आणि कामठ्याला फांदी नाही. त्याला आपण जंगल म्हणत नाही, आपण त्याला सागाचं शेत म्हणतो.

आता दोन रीती शेजारी शेजारी ठेवून बघा. आपला माणूस एका कामठ्यासाठी दहा बेटं बघतो आणि एक बांबू घेतो. तो कामठा नीट ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. सबंध पाड्याला वर्षभरात लागणारे बांबू बोटांवर मोजता येतील. ठेकेदाराचा मजूर नगावर असतो. त्याला बेटाच्या पोटात शिरायला वेळ नाही. तो बाहेरून हाताला लागेल तो तोडतो, कोवळा काय आणि पिकलेला काय. मजुराचा यात दोष नाही, तोही आपलाच भाऊ आहे आणि संध्याकाळी त्याला भाकर पाहिजे. पण त्या बेटाकडे पाच वर्षांनी जाऊन बघा. बाहेरचं अंग बोडकं आणि मध्ये गुंता झालेला, वाळलेला बांबू. आणि ठपका कोणावर? कोयता घेऊन फिरणाऱ्या आदिवासीवर.

आता कायद्याकडे येऊ.

इंग्रजांनी १९२७ साली केलेला भारतीय वन कायदा अजून चालू आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात झाड म्हणजे काय ते सांगितलं आहे, आणि त्यात १९९७ साली बांबूलाही झाड म्हटलेलं होतं. शाळेतल्या मास्तरांना विचारा, बांबू हे गवताच्या कुळातलं आहे. पण कायद्याने त्याला झाड केलं, म्हणून राखीव जंगलातला एक बांबू तोडला तरी तो झाड तोडल्याचा गुन्हा ठरत होता. गवत कापणारा एका कलमाने चोर झाला.

१९८८ साली दिल्लीच्या सरकारने नवं वनधोरण जाहीर केलं. त्यात लिहिलं आहे की आदिवासींचे जंगलातले हक्क आणि सवलती पूर्ण सांभाळाव्यात. जळण, चारा, गौण वनोपज आणि घराचं लाकूड या त्यांच्या गरजांचा जंगलाच्या मालावर पहिला हक्क राहील. कारखान्यांना सवलतीच्या भावात जंगलाचा माल देणं बंद करावं, असंही त्यात आहे. धोरण चांगलं आहे. पण धोरण दिल्लीत राहिलं आणि नाक्यावर १९२७ सालच उभं आहे.

आता नवीन गोष्ट. गेल्या २४ डिसेंबरला, म्हणजे १९९६ साल संपता संपता, आदिवासी भागातल्या पंचायतींचा नवा कायदा झाला. तो अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. १९९७ सालच्या आपल्या धुळे जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके सबंध, आणि शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर या तालुक्यांतली काही गावं त्यात येतात. या कायद्यात ग्रामसभेला मान दिला आहे. आपल्या रूढी, आपली ओळख, आपली सामाईक साधनं सांभाळायला ग्रामसभा समर्थ आहे असं त्यात लिहिलं आहे. आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला आणि पंचायतीला देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. मालकी हा शब्द आहे. सवलत नाही, मेहेरबानी नाही, मालकी.

पण यात एक मेख आहे. गौण वनोपज म्हणजे कोणकोणतं, हे त्या कायद्यात सांगितलेलं नाही. कायद्याशी न जुळणारे राज्यातले पंचायतीचे कायदे वर्षभरात बदलायचे आहेत. म्हणजे मुंबईत कायदा होईल, यादी होईल. त्या यादीत मोहाची फुलं येतील, डिंक येईल, चारोळी येईल, मध येईल. बांबू येईल का? बांबूवर कागदाच्या गिरण्यांचा डोळा आहे, त्यातून सरकारला पैसा मिळतो. आपण गप्प राहिलो तर ते बांबूला झाडच ठेवतील. मग मालकी मिळेल ती फुलांची आणि बियांची, आणि ज्यावर आपली घरं, कुडं, टोपल्या, सुपं, कणग्या, पाळणे आणि तिरड्या अवलंबून आहेत, तो बांबू परक्याचाच राहील. आधी म्हटलं ना की यंदाचंच वर्ष आहे, ते याच्यासाठी.

काही शिकलेले लोक आम्हाला विचारतात, आजच्या जमान्यात तीरकामठा कशाला पाहिजे? तुम्हाला शिकार करायची आहे का? याचं उत्तर सरळ द्यायला हवं. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि संघटना कोणालाही शिकारीला जा असं सांगत नाही. पण कामठा फक्त शिकारीचा नव्हता आणि नाही. रात्री माळ्यावर बसून राखण करणाऱ्याचा तो सोबती आहे. होळीच्या नाचात तो हातात असतो. भिल्ल हे नावच धनुष्याच्या जुन्या द्राविडी शब्दावरून आलं असावं असं काही पंडित म्हणतात. १८५८ साली आंबापाणीच्या डोंगरात खाज्या नाईकाची माणसं इंग्रजी पलटणीशी लढली, त्यांच्याकडेही तीरकामठे होते. शिखांना कृपाण जशी, तसा आपल्याला कामठा. आणि समजा हे काहीच नसतं, तरी ज्या समाजाने हजार वर्षं बेट राखून बांबू घेतला, त्याला एका बांबूसाठी चोर ठरवायचा हक्क कोणाला आहे?

मात्र एक ध्यानात ठेवा. मोर्चाच्या वेळी पोलीस कलम ३७ लावतात. तेव्हा शस्त्र बाळगणं हाच गुन्हा होतो आणि मूळ मागणी बाजूला राहते. म्हणून मोर्चाला कामठा नेऊ नका. कामठा होळीला न्या, मोर्चाला कागद न्या.

आता आपल्या घरातलंही थोडं बोलू. दुसऱ्याला बोट दाखवताना आपल्या बेटाकडेही बघावं लागतं. काही पाड्यांवर पावसाळ्यात कोंब काढून हाटात विकायला नेतात. घरच्या भाजीपुरते दोन-चार कोंब काढणं वेगळं आणि पोतं भरणं वेगळं. एक कोंब म्हणजे चार वर्षांनंतरचा एक कामठा. काही ठिकाणी वणवा लावतात, त्यात कोंबांची पोरं जळतात. बांबूला माणसाच्या उभ्या आयुष्यात एखादवेळी फुलोरा येतो, सगळं बेट बी टाकतं आणि मरतं. त्या वेळी खालची रोपं गुरांपासून आणि आगीपासून वाचवली नाहीत तर ते बेट कायमचं गेलं. मालकी मागायची तर राखणही आपल्याकडे घ्यावी लागेल. ग्रामसभा मालक झाली आणि गावानेच ठेकेदारासारखी तोड केली, तर जंगलखातं म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो.

आणखी एक. ज्यांच्या जमिनी नर्मदेच्या धरणात जाताहेत त्या आपल्या ३३ गावांचा विचार करा. सरकार म्हणतं जमिनीला जमीन देऊ. पण सपाटीवरच्या वसाहतीत मुरमाड चढावरची मानवेल कुठून देणार? धामणीचा फुटवा कोणत्या खात्यातून देणार? भरपाईच्या फॉर्मवर या गोष्टींना रकानाच नाही. रकाना नाही म्हणून त्या गोष्टी नाहीत असं होत नाही. पुनर्वसनाच्या प्रत्येक बैठकीत हे बोलून दाखवलं पाहिजे आणि बैठकीच्या कागदावर लिहून घेतलं पाहिजे.

नेवाडाच्या जमिनींनाही हे लागू आहे. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या दाव्यांची पुन्हा चौकशी करायला सांगितली आहे. साहेब विचारतो, तुम्ही इथे कधीपासून आहात, कागद दाखवा. आपल्याकडे कागद नाही. पण कोणत्या टेकडीवरचा बांबू कामठ्याचा, कोणत्या नाल्यातला टोपलीचा, होळीचा दांडा कुठून आणायचा, हे प्रत्येक पाड्यावरच्या म्हाताऱ्याला ठाऊक आहे. त्या जागांना आपल्या बोलीत नावं आहेत. काल आलेल्या माणसाला अशी नावं माहीत नसतात. ती नावं लिहून काढली तर तीही साक्ष आहे.

म्हणून या होळीच्या आधी आणि नंतर प्रत्येक पाड्याने पाच कामं करावीत, असं आमचं सांगणं आहे.

एक. पाड्यावरच्या जाणत्या माणसाला घेऊन दहा-पंधरा पोरापोरींनी एक दिवस डोंगरात जावं. बांबू तोडायला नाही, बघायला. कामठ्याचा कोणता, टोपलीचा कोणता, कोवळा कोणता, हे शिकून घ्यावं. बायाही जाव्यात, कारण टोपली-सुपाचा बांबू त्यांच्या हाताला जास्त कळतो.

दोन. बेटांच्या आणि धामणीच्या जागा, त्यांची नावं, कोणत्या पाड्याची माणसं तिथे जातात, हे वहीत लिहावं. लिहिता येणारं कोणी नसेल तर आमच्या कार्यकर्त्याला बोलवावं.

तीन. गावाचा नियम करावा. पावसाळ्यात तोड बंद. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बांबूला हात नाही. बाहेरच्या अंगाने तोड नाही. कोंब विकायचा नाही. नियम मोडणाऱ्याचा निवाडा गावात करावा.

चार. नाक्यावर अडवलं तर भांडू नका, पळू नका. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय देऊ नका. दंड मागितला तर पावती मागा. पावती दिली नाही तर तारीख, जागा आणि रक्कम त्याच दिवशी संघटनेला कळवा. जप्त केलेल्या हत्याराचा लेखी कागद मागा.

पाच. ग्रामसभा बोलवून ठराव करावा. ठरावाचा मजकूर खाली देत आहोत. तसाच घ्या किंवा आपल्या शब्दांत घ्या.

"आमचे गाव अनुसूचित क्षेत्रात आहे. बांबू आणि धामण आमच्या घराला, शेतीला, सणाला, लग्नाला आणि मरणाला पिढ्यान्‌पिढ्या लागत आली आहे. बांबू हे झाड नसून गौण वनोपज आहे असे ही ग्रामसभा मानते. महाराष्ट्र सरकारने नवीन कायदा करताना गौण वनोपजाच्या यादीत बांबूचे नाव घालावे आणि त्याची मालकी ग्रामसभेकडे द्यावी. आमच्या हद्दीतील बांबूची तोड ग्रामसभेला विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नये. मिश्र जंगल तोडून त्या जागी साग लावू नये. बेटांची राखण करण्याची जबाबदारी ही ग्रामसभा आपल्याकडे घेत आहे."

ठरावावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्या. हा अंगठा मात्र खुशाल द्या, कारण कागद आपला आहे आणि वर काय लिहिलं आहे ते आपल्याला माहीत आहे. तीन प्रती करा. एक गावात ठेवा, एक तहसील कचेरीत देऊन पोच घ्या, एक संघटनेकडे पाठवा. पावसाळ्याच्या आत जेवढे ठराव जमतील तेवढे घेऊन आपण जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला जाऊ. दहा गावांचे ठराव कचऱ्यात टाकता येतील. दोनशे गावांचे टाकायला त्यांना विचार करावा लागेल.

काठीच्या राजवाडी होळीत उंच बांबूचा दांडा उभा राहतो. आपल्या पाड्यापाड्यांवरही राहतो. या होळीला तो दांडा उभा करताना हात लावणाऱ्या प्रत्येकाने एवढं ठरवावं: हा बांबू आम्ही चोरून आणलेला नाही. आमच्या डोंगरातून, आमच्या रीतीने, बेट राखून आणला आहे. पुढच्या होळीला तो कायद्यानेही आमचा असला पाहिजे.

सगळ्यांना होळीच्या शुभेच्छा. ठराव पाठवायला विसरू नका.

जिंदाबाद!